मुक्तिदिनाचा तिरंगी कोस्टर : म्हापशाला निघण्यापूर्वी

‘गोवा मुक्तीची थरारक सफर’ घडवणारा रोलर कोस्टर म्हापशाजवळच्या मेळ्यात आला आहे, असे फलक बांद्यापासून पेडण्यापर्यंत लागले होते, आणि ते वाचूनच १९ डिसेंबरला आम्ही कुटुंबासह निघालो. सकाळी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर फुले वाहिली आणि महामार्गाने म्हापसा गाठले. तो प्रवास सुरळीत झाला.

या कोस्टरमध्ये मुक्तीची सफर नाही, केवळ रंग आहे. गाडीचे डबे केशरी, पांढरे आणि हिरवे आहेत, चढणीवर बिगुल वाजतो, तोफा धडाडतात आणि ऐन माथ्यावर ध्वनिक्षेपकातून सांगितले जाते की १९४७ साली गोव्यासह सारा देश स्वतंत्र झाला. ज्या पत्रादेवीहून आम्ही आलो होतो, तिथे सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या त्या १५ ऑगस्ट १९५५ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे लोटल्यावर. आणि गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. चालकाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की हीच ध्वनिफीत सगळीकडे वाजते, गावाचे नाव तेवढे बदलतात. मुक्तिदिनी, गोव्याच्या मातीवर, हे अक्षम्य आहे.

दुसरी गोष्ट आसनांची. पांढऱ्या डब्याच्या पाठींवर तिरंग्यासह अशोकचक्र रंगवले आहे आणि मागच्या रांगेतला माणूस पाय नेमके तिथेच टेकवतो. चक्राच्या आऱ्या बुटांनी खरवडून निघाल्या आहेत. वाहनाच्या पाठीवर वा बाजूंवर राष्ट्रध्वज पांघरू नये, असे २००२ ची ध्वजसंहिता सांगते. संहितेतली ही भावना तरी मेळेवाल्यांनी जाणायला हवी होती. अमेरिकेत सेंट लुईसजवळचा ‘स्क्रीमिन ईगल’ हा लाकडी कोस्टर १९७६ साली, त्या देशाच्या द्विशताब्दीच्या वर्षी सुरू झाला आणि त्याला नाव मिळाले ते राष्ट्रीय प्रतीक असलेल्या गरुडाचे. देशाभिमान असा नावातून, प्रसंगातूनही आणता येतो. त्यासाठी ध्वज पायाखाली घ्यावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष बसणाऱ्यांसाठी. उतार उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे, आणि शेवटच्या डब्यात तो सर्वाधिक जाणवतो, कारण पुढचे डबे माथा ओलांडून खाली झेपावलेले असतात आणि मागचा डबा त्या ओढीने जोरात खेचला जातो. मी तिथून आनंदाने ओरडत उतरलो. मात्र थांब्याआधीचे डावे वळण वाईट आहे. रुळांच्या सांध्यावर गाडी आडवी हिसका देते, मान उजवीकडे आपटते आणि लगेच ब्रेक लागतो. उतार संपताच डोके मागे टेकवावे, हाताने पुढचा दांडा घट्ट धरावा आणि दांडा मांडीला नीट टेकला आहे ना, हे गाडी सुटण्यापूर्वी स्वतः तपासावे. हिरव्या डब्यातला आमचा दांडा चार बोटे वर राहिला होता आणि आम्ही हाका मारल्यावरच तो खाली दाबला गेला. मानेचे वा पाठीचे दुखणे असलेल्यांनी बसूच नये.

तिकीट १०० रुपये असताना ‘मुक्तिदिन विशेष’ म्हणून १५० मागतात. खिडकीवरचा दरफलक दाखवावा, वरचे पैसे सोडून देतात. दुचाकी लावण्याचे ५० रुपये पावती मागितल्यावर २० झाले. संध्याकाळी सातनंतर रांग फाटकाबाहेर जाते, तेव्हा ऊन उतरताच पोहोचावे आणि परतीची बस आधी विचारून ठेवावी. आम्हाला रात्री पेडण्यापर्यंत टॅक्सीला नको तितके मोजावे लागले.