नवतपा, दिवस तिसरा: सावलीचा रस्ता आणि मेणाची चेन

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं की आता तरी सायकल बंद ना? नाही, सुरू आहे. फक्त वेळ बदलली आणि रस्ता बदलला. आजची नोंद बरीचशी रस्त्याबद्दलच आहे, कारण गेल्या आठवड्यात एक गोष्ट नीट लक्षात आली.

नागपुरात माझं घर ते ऑफिस म्हणजे प्रतापनगर ते सिव्हिल लाइन्स, सरळ गेलं तर साडेसात किलोमीटर. जाताना तोंड साधारण उत्तरेला असतं. सकाळचं ऊन उजवीकडून येतं, म्हणून सावली रस्त्याच्या उजव्या कडेला पडते आणि आपण चालवतो डाव्या कडेनं. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला, तर मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडून! म्हणजे रुंद रस्त्यावर दोन्ही वेळा आपल्या वाट्याला ऊनच. मी वर्षभर याच रस्त्यानं जाते, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

उपाय गल्ल्यांचा. सकाळी साडेसातला दुमजली घराची सावली घराच्या जवळपास दुप्पट लांब असते, ती सगळी गल्ली झाकून टाकते. साडेनऊला तीच सावली अर्ध्या गल्लीलाही पुरत नाही. म्हणून आता सात दहाला घर सोडते. माटे चौक ओलांडला की मुख्य रस्ता सोडायचा आणि श्रद्धानंदपेठ, बजाजनगरच्या आतल्या गल्ल्या धरायच्या. शंकरनगरला बाहेर पडून लॉ कॉलेज चौक, तिथून रविनगर. सिव्हिल लाइन्स लागलं की जुनी मोठी झाडं आहेतच. ८०० मीटर जास्त पडतात, चार मिनिटं जास्त लागतात. पण पोचल्यावर डोकं ठणकत नाही, हा फरक चार मिनिटांपेक्षा खूप मोठा आहे.

दुपट्टा सुतीच, आणि ओला करून बांधायचा. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी म्हणून तर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घर गार करतो. ओला दुपट्टा तेच काम डोक्यावर करतो. माझा लॉ कॉलेज चौकापर्यंत ठणठणीत वाळतो, तिथे थांबून बाटलीतलं पाणी परत ओतते.

टायरमधल्या हवेच्या दाबाचंही सांगते. पहाटे ६० पीएसआय भरलं आणि दिवसा उन्हात टायर ६० अंशांपर्यंत तापलं, तर आतला दाब ६७ च्या आसपास जातो. जुनं पंक्चर जोडलेली ट्यूब असेल तर ही वाढ नको असते. मी सध्या ५५ च भरते, आणि ऑफिसात सायकल जिन्याखाली लावते. दोन उन्हाळ्यांपूर्वी दुपारी अडीचला बाहेर उभी असलेली सायकल काढली होती तेव्हा जुनं ठिगळ सुटून ट्यूब बसली, आणि भर उन्हात दीड किलोमीटर ढकलत न्यावी लागली. तेव्हापासून अकरा ते सहा सायकलला हात लावत नाही. २३ मे २०१३ ला याच गावानं ४७.९ अंश पाहिलेत, इथे उन्हाशी पैज लावायची नाही.

ऑफिस दहाचं, मी आठच्या आत हजर. चौकीदारकाका दारातच माठातला गिलास पुढे करतात, "आधी पाणी प्या मॅडम, मंग बोला." तोंड धुवायचं, कपडे बदलायचे आणि शांततेत दोन तास काम. दहापर्यंत निम्मी बिलं तपासून होतात.

संध्याकाळी सूर्य बुडाल्यावरच निघाले. फुटाळा तलावावर आमची सायकलवाल्यांची चौकडी जमली. वारा होता, गरमच, पण तळ्यावरचा. दादांनी घरून पन्हं आणलं होतं, गूळ घातलेलं. विषय एकच, चेनला तेल की मेण? मे महिन्यातली धूळ तेलावर बसते आणि त्याचा काळा लेप होतो, तो पिनांना पॉलिशपेपरसारखा घासतो. मेण कोरडं असतं, धूळ धरत नाही. "पण उन्हात वितळून गळणार नाही का?" असं ताईंनी विचारलं. पॅराफिन वितळायला ५५-६० अंश लागतात. सावलीत ठेवलेल्या सायकलचं माझ्या तर अजून एक थेंबही गळलेलं नाही.

रात्री गच्चीवर चेनला मेण लावायचंच काम काढलं. आधी माप. पट्टीवर २४ कड्यांची लांबी नव्या चेनला बरोबर १२ इंच भरते, १२ पूर्णांक १/१६ झाली की चेन बदलायची, नाहीतर ती मागच्या चक्राचे दातेही खाते. माझी २६०० किलोमीटर चालून १/३२ नं वाढली आहे, म्हणजे अर्धं आयुष्य बाकी! मग रॉकेलमध्ये तीनदा धुतली, पुसून पूर्ण वाळवली. गरम पाण्याच्या पातेल्यात स्टीलचा डबा, डब्यात पाव किलो मेण. चेन बुडवली की रोलरच्या फटींतून बारीक बुडबुडे येतात, आधी भराभरा, मग एखादाच. पूर्ण थांबेपर्यंत काढायची नाही, कारण हवा बाहेर आल्याशिवाय मेण आत जात नाही. आज अकरा मिनिटं लागली.

आत्ता चेन कपड्यांच्या दोरीवर लटकते आहे. साडेदहा वाजले तरी गच्चीची फरशी तळव्यांना चटके देते, त्यामुळे मेण गोठायला वेळ लागेल. सकाळी एकेक कडी बोटांनी मोडून मोकळी करायची आणि सातच्या आत चढवायची.