नाडी की टिचबटण

पाळीत वापरायच्या कापडी पॅडविषयी बोलणं निघालं की ते सगळं कापडाभोवती फिरतं. सुती थर किती घ्यायचे, आत जुन्या टॉवेलचा तुकडा चालेल की फ्लॅनेलच पाहिजे, खाली पाणी न झिरपणारं अस्तर लावायचं की नाही. पॅड जागेवर राहणार कशानं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि दुकानात जे मिळेल ते लावून उरकला जातो. मी अंबाजोगाईत शिवणाचा क्लास चालवते, आसपासच्या बचतगटांना शिकवायलाही जाते. गेल्या भाद्रपदात धारूर तालुक्यातल्या एका गावात माझा अख्खा दिवस या शेवटच्या प्रश्नातच गेला.

गाव बालाघाटाच्या डोंगरावरचं, कोरडवाहू. सीताफळं सोडली तर हातात पैसा देणारं फारसं काही नाही. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे एक दिवस घरी बसलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला फडात उतरायचं, वाकून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. पाळी आली तरी यातलं काहीच थांबत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या ‘पिशव्या’, म्हणजे गर्भाशय, काढण्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समितीही नेमली. आमच्या भागात तो विषय त्याआधीपासूनच घरोघर माहीत होता. अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, दवाखान्याचा खर्च आणि खाडा यांना कंटाळून तिशीतल्या बायकांनी पिशवी काढून घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या वर्षी एका संस्थेनं ठरवलं की तोडीला जाणाऱ्या बायकांना निघण्याआधी कापडी पॅडं द्यायची आणि ती गावातल्याच बचतगटाकडून शिवून घ्यायची. नमुना पक्का करून देणं माझ्याकडे आलं. संस्थेच्या मनात एक नमुना होताच: दोन्ही बाजूंना पंख असलेलं पॅड, पंखांना वेल्क्रो. लावायला सोपं आणि शिवायलाही सोपं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, ज्यांना वापरायचं आहे त्यांच्यासमोर सगळे प्रकार ठेवू, मग ठरवू. वेल्क्रोबरोबर मी धातूची आणि प्लास्टिकची टिचबटणं, ती बसवायची पकड, शर्टाची बटणं, ब्लाउजचे हूक, इलॅस्टिक आणि सुती नाडीचे गुंडे असं सगळं पिशवीत भरलं. लोहचुंबकही घेतला. बटणावर चकाकी कितीही असो, चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, आणि मुलामा उडाला की ते गंजणार. पितळेला चुंबक चिकटत नाही.

समाजमंदिरात सतरंजीवर सगळं मांडलं. बायका बऱ्याच होत्या, तीन-चार शाळकरी मुलीही होत्या. पहिल्यांदा सगळ्यांनी वेल्क्रोच उचललं, कारण ते नवं होतं. नववीतल्या एका मुलीनं ते उघडलं आणि चर्रर्र आवाज अख्ख्या खोलीत घुमला. तिनं ते लगेच खाली ठेवलं. शाळेच्या संडासात शेजारी मैत्रिणी उभ्या असतात. कोपीत तर एका हातावर सासू-सासरे झोपलेले असतात. तिथे हा आवाज कोण करणार?

वेल्क्रोचा खरा निकाल मात्र बचतगटाच्या अध्यक्ष असलेल्या बाईंनी लावला. त्यांनी काटेरी बाजूवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ताई, यात उसाची कूस बसंल. मग ती निघायची न्हाई.” उसाच्या पानाच्या देठाला बारीक काटेरी लव असते. फडात ती मानेत, हातात, सगळीकडे शिरते. तीच जर जांघेजवळच्या वेल्क्रोत अडकून बसली, तर दिवसभर कातडी सोलून निघेल. वेल्क्रोच्या काट्यात धाग्यांचा कचरा अडकतो आणि काही धुण्यांनंतर त्याची पकड जाते, हे मला माहीत होतं. कुशीचा विचार फडात उभं राहिलेलीच करू शकते.

हूक मी मुद्दाम दाखवायलाच नेले होते. पाळीत जुन्या ब्लाउजचं कापड दुमडून घडी म्हणून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि घाईत त्याचा हूक तसाच राहतो. ‘गूंज’ संस्थेचे अंशू गुप्ता अनेकदा एका बाईची गोष्ट सांगतात. तिनं घेतलेल्या ब्लाउजच्या कापडात गंजका हूक राहिला होता आणि ती धनुर्वातानं गेली. ती गोष्ट मी तिथे सांगितली. कुणी काही बोललं नाही, पण दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर धातूची टिचबटणं मी चुंबकाला लावून दाखवली. बरीचशी चिकटली. ती बाजूला काढून ठेवली.

आता उरली प्लास्टिकची टिचबटणं. ती गंजत नाहीत, आवाज हलकासा ‘टिच’ एवढाच, चपटी असतात आणि कडक उन्हालाही टिकतात. ऑरोविलच्या ‘इको फेम’च्या पॅडांनाही टिचबटणंच असतात. पंखांच्या पॅडाला हेच लावायचं असं माझ्या मनात होतं, आणि तसं शिवलेलं एक पॅड मी समोर ठेवलं. चाळिशीतल्या एका काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पंख मिटवून पाहिले.

“ह्ये कशावर लावायचं?”

“निकरवर, काकू. पंख निकरच्या खालून घ्यायचे आणि टिचबटण लावायचं.”

“आमी आतून काय घालतच न्हाईत, ताई.”

मग एकेक जण बोलायला लागली. तिथल्या मोठ्या बायकांपैकी बहुतेक जणी परकराच्या आत काही घालत नव्हत्या. कमरेला वेगळी नाडी, नाहीतर साडीच्या काठाची पट्टी बांधायची आणि घडीची दोन्ही टोकं पुढून-मागून तिच्यात खोचायची, अशीच त्यांची रीत. दाराशी बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “लुगडं हुतं तवा काष्ट्यात घडी घट बसायची. साडी आली आन् खालून समदं मोकळं झालं.” निकर विकत घ्या असं सांगणं सोपं होतं. पण फडावर पाणी किती मिळतं ते त्यांनीच सांगितलं होतं. घडी धुवायलाच पाणी पुरत नाही, तिथे रोज ओली होणारी निकर कोण धुणार? आणि घामानं भिजलेल्या निकरचं इलॅस्टिक दिवसभर काचतं ते वेगळंच.

बचतगटातली एक तरुण मुलगी म्हणाली की नाडी म्हणजे जुनाटपणा, आता पॅड म्हणजे पंखांचंच. तिला मी सांगितलं की चिकटपट्टीची पॅडं साधारण १९७० च्या सुमाराला आली, त्याआधी परदेशातल्या बायकाही कमरेच्या पट्ट्यालाच पॅड अडकवत असत. अंगावर काय घातलंय त्यावर बांधणी ठरते. त्यात जुनं-नवं काही नाही.

तिथून पुढे आम्ही नाडीवरच काम केलं. आधी पॅडाच्या दोन्ही टोकांना फास शिवून त्यातून नाडी ओवली. काकू आतल्या खोलीत जाऊन ते बांधून आल्या. पॅड आम्ही पाणी टाकून ओलं केलं होतं. कोरडं पॅड कशानंही जागेवर राहतं, ओल्याला वजन येतं आणि ते खाली ओढतं. काकू वाकल्या, उकिडव्या बसल्या. कुणीतरी ज्वारीचं अर्धं पोतं आणलं. ते डोक्यावर घेऊन त्या समाजमंदिराच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर चढल्या आणि उतरल्या. उतरल्यावर म्हणाल्या, “मधी गोळा झाला, आन् मागून फिरलं.”

दोन्हीचं कारण एकच होतं. टोकाला एकच बारीक फास असला की सगळा ताण एका बिंदूवर येतो. मग कापड त्या बिंदूकडे गोळा होतं आणि त्याच्याभोवती फिरतं. म्हणून टोक चार बोटं रुंद ठेवलं. मागच्या टोकाला फास काढून पूर्ण रुंदीचा नेफा घातला. पुढच्या टोकाला एक टिचबटण न लावता दोन कडांना दोन लावली. टोक नाडीवरून दुमडायचं आणि दोन्ही बटणं दाबायची. बटणांखाली त्याच कापडाचा दुहेरी तुकडा घातला. पातळ सुती कापडावर टिचबटण नुसतं बसवलं तर उघडताना बटण सुटत नाही, कापडच फाटून हातात येतं. ते उघडायचं कसं, तेही दाखवलं: टोक धरून ओढायचं नाही, बटणाच्या कडेखाली नख घालून सोडवायचं. टिचबटण पॅडाच्या शोषणाऱ्या भागातून आरपार नेऊ नका, हेही बजावलं. त्या भोकातून ओल खाली उतरते.

एवढं झाल्यावर काकूंनीच विचारलं, “बदलायचं कसं? मागलं नेफ्यात हाय. नाडी सोडायची व्हय फडात?” खरं होतं. उसाच्या दोन सऱ्यांच्या आडोशाला उभं राहून, अंधारात, नाडी सोडून ओवणं कुणालाच जमणार नाही. त्यातून ओली गाठ आवळून बसली तर सुटतच नाही.

याचं उत्तर एका नव्या सुनेनं दिलं, पोटाशी तान्हं लेकरू घेऊन बसलेल्या. ती म्हणाली की पट्टी अंगावरच राहू द्यायची, आतली घडी तेवढी बदलायची. मग आम्ही दोन वेगळ्या वस्तू केल्या. एक लांब पट्टी, मागे नेफा आणि पुढे दोन टिचबटणं असलेली. तिच्यावर आडव्या शिवलेल्या दोन बारीक पट्ट्या, आणि त्यांच्याखाली सरकवायची घडी. पुढची बटणं सोडली की पट्टी मागच्या नेफ्यावर लोंबत राहते. जुनी घडी ओढून काढायची, नवी सरकवायची, बटणं लावायची. नाडीला हात लावायचा नाही, चिखलात काही पडायचं नाही. काळोखात पुढचं-मागचं ओळखायलाही अडचण नाही, बटणं बोटाला लागली की ती पुढची बाजू. काकू परत शिडीवर चढून आल्या आणि या वेळी काहीच बोलल्या नाहीत, सरळ दुसरीच्या हातात पोतं दिलं.

या रचनेचा आणखी एक फायदा त्यांनीच शोधला. आम्ही शिवलेली घडी संपली तर घरची जुन्या साडीची घडीही त्याच पट्ट्यांखाली बसते. साडीचं कापड पूर्ण उलगडतं, लवकर धुतलं जातं आणि लवकर वाळतं. जाड शिवलेलं पॅड आतून ओलं राहायची भीती असते.

नाडीवरूनही बरीच चर्चा झाली. गोल नायलॉनची घेतली तर गाठ घसरते, म्हणून चपटी सुतीच घ्यायची. गाठ बाजूला, कमरेच्या हाडापुढे यायला हवी. मागे आली तर झोपताना टोचते, आणि बरोबर पुढे आली तर वाकल्यावर पोटात रुतते. इलॅस्टिक सगळ्यांनी नाकारलं. तेही घामात काचतं आणि उन्हात वाळवून वाळवून त्याचा ताण जातो.

टिचबटणाची एकच गोष्ट मला खटकत होती. ते तुटलं तर बसवायला पकड लागते, आणि कर्नाटकातल्या फडावर पकड कुठून आणणार? शर्टाचं बटण सुई-दोऱ्यानं कुठेही लावता येतं, पण ते पोटावर रुततं, म्हणून पहिल्यापासून तेच लावायला कुणी तयार नव्हतं. शेवटी असं ठरलं की लावायची टिचबटणंच, पण पट्टीच्या कडेला आधीच दोऱ्याचे दोन फास विणून ठेवायचे, आणि प्रत्येकीबरोबर सुई, दोरा आणि शर्टाची दोन चपटी बटणं द्यायची.

शाळकरी मुलींची गरज वेगळी होती. आई-बाप तोडीला गेले की त्या आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या निकर घालतात, त्यांना पंखांचंच पॅड हवं होतं. त्यांच्या पंखांवर टिचबटणाच्या दोन जागा ठेवल्या, कारण निकरची मधली पट्टी लहान-मोठी असते. बटण फार आत आलं की पॅड सुरकुततं, फार बाहेर आलं की ते सरकतं. वापरलेलं पॅड आत दुमडून तीच टिचबटणं लावली की त्याचं बंद पुडकं होतं आणि दप्तरात घालून घरी नेता येतं, हे दाखवल्यावर ती नववीतली मुलगी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. तिनं विचारलं, बटणं पांढरी न घेता कापडाच्या रंगाची मिळतील का? मिळतात.

संध्याकाळी संस्थेच्या बाईंना फोन केला. त्यांना एकच नमुना हवा होता, दोन केले की हिशोब आणि कापड दोन्ही वाढतं असं त्या म्हणाल्या. मी फोन काकूंच्या हातात दिला. काकूंनी कूस, शिडी, अंधार, नाडीची गाठ सगळं त्यांना सविस्तर सांगितलं. मध्ये दोनदा “तुमी येऊन बगा” असंही म्हणाल्या. दोन्ही नमुने मंजूर झाले आणि वेल्क्रोचे गुंडे परत गेले.

राहिला प्रश्न वाळवण्याचा. घडी उन्हात वाळली पाहिजे हे सगळ्यांना पटत होतं, पण कोपीपुढच्या दोरीवर ती सगळ्यांदेखत घालायची कशी? नवी सून म्हणाली, ही पट्टी तर लेकराच्या लंगोटासारखीच दिसते, फुलाफुलांच्या कापडाची शिवली तर कुणी विचारणारच नाही. लेकरं सगळ्यांच्याच कोप्यांत असतात. त्याच संध्याकाळी गटाच्या कपाटातून फ्रॉकांसाठी आणलेला बारीक फुलांचा सुती तागा काढला आणि पहिल्या पट्ट्या त्यातूनच बेतल्या.