कंबरडे मोडले आणि पोस्ट गेली

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या नगरपालिकेच्या वाढीव पाणीपट्टीवर मी समाजमाध्यमावर लिहिलेली पोस्ट 'हिंसाचाराची धमकी' ठरवून काढून टाकण्यात आली. त्यातले वाक्य असे होते : 'पाणीपट्टीने आमचे कंबरडे मोडले, आता निवडणुकीत आम्ही यांचे कंबरडे मोडू.' चौथीतल्या मुलालाही कळणारा हा वाक्प्रचार तपासणाऱ्या यंत्राला कळला नाही, इथपर्यंत मी समजून घेतो.

सूचनेखालचे 'पुनर्विचाराची विनंती' हे बटण दाबले आणि दोन मिनिटांत 'निर्णय कायम' असे उत्तर आले. बटण दाबले म्हणजे तक्रार नोंदवली, या समजुतीत माझे नऊ दिवस गेले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार करायची ती कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याने २४ तासांत पोच आणि, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, १५ दिवसांत निकाल द्यायचा. या अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे देणे बंधनकारक असूनही मला ते मदत विभागाच्या अगदी तळाशी सापडले. पोच लगेच आली, पण उत्तरात पुन्हा त्याच बटणाचा दुवा होता. बटण दाबून झाले आहे असे कळवल्यावर परत तोच मजकूर आला, फक्त तक्रार क्रमांक नवा. असे तीन क्रमांक जमले आणि पंधरा दिवस कोणत्या क्रमांकापासून मोजायचे, हे सांगायला एकही माणूस भेटेना. चौथ्या पत्रात मी विनवणी सोडून नियम ४(८) पुढे केला : ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचाने स्वतःहून मजकूर काढताना आधी कारण कळवायचे आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यायची असते, ती मला कधी दिली? सोबत शब्दकोशातल्या 'कंबरडे' या नोंदीचे छायाचित्र जोडले. (स्वतःच्या भाषेतला वाक्प्रचार निरुपद्रवी असल्याचा पुरावा द्यावा लागला, हा राग अजून गेलेला नाही.) चौदाव्या दिवशी दोन ओळींचा नकार आला आणि मला चक्क आनंद झाला, कारण अपिलाला तोच लागतो.

नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. अशा तीन समित्या केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या असून सारे कामकाज ऑनलाइन चालते. सरकारनेच नेमलेल्या समितीकडे सरकारी कारभारावरच्या टीकेसाठी दाद मागणे मला खटकले, परंतु न्यायालयाचा खर्च परवडणारा नव्हता. पोस्ट परत आली. तोवर पाणीपट्टीवरील हरकतींची मुदत संपली होती.

एक सांगायचे राहिले. काढलेली पोस्ट लिहिणाऱ्यालाही दिसेनाशी होऊ शकते, तशी माझी झाली. एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेला स्क्रीनशॉट मिळाला, आणि त्यातली तारीख त्याने कापली नव्हती म्हणूनच निभावले.