पिंपं, पायऱ्या आणि पोर्तो

पोर्तुगालमधल्या पोर्तोत फोनमधला नकाशा धडधडीत खोटं बोलतो. नदी हाकेच्या अंतरावर, म्हणतो. असते खरी, पण ती हाक वरून खाली मारायची. रस्ता म्हणून जे दाखवतो तो जिना निघतो, आणि जिना जातो लोकांच्या घरांमधून. कुणाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला खांदा घासत, वाळत घातलेल्या चादरी चुकवत. पाठीवर सॅक, पायाखाली गुळगुळीत झालेला दगड. उतरताना मजा वाटते, कारण चढाचा हिशोब तेव्हा कुणी मागत नाही.

एक सांगून ठेवते, लिफ्ट, केबल कार, फनिक्युलर (दोरानं चढावर ओढला जाणारा रुळांवरचा डबा) वगैरे प्रकारांना माझा तात्त्विक विरोध आहे. चढायचं नसेल तर डोंगरावरच्या गावाला जावंच कशाला?

नकाशाची खरी फजिती होते दोम लुईश पुलावर. १८८६ सालचा हा लोखंडी पूल आयफेलचा पूर्वीचा भागीदार टेओफिल सेरिग यानं आखला. पूल दुमजली. वरून मेट्रो आणि पायी माणसं, खालच्या मजल्यावरून गाड्या आणि पायी माणसंही. फोनमधला निळा ठिपका इमानानं ‘तुम्ही पुलावर आहात’ सांगतो. कुठल्या मजल्यावर, ते नाही. मला जायचं होतं त्या रस्त्याच्या मी बरोब्बर डोक्यावर उभी होते. खाली दोरो नदी, पलीकडच्या काठावर कौलारू छपरं आणि त्यांवर वाइन कंपन्यांची नावं, या काठावरून वाचता येतील एवढ्या अक्षरांत.

गंमत म्हणजे तो काठ पोर्तोचा नाहीच. ते विला नोव्हा दे गाया, स्वतंत्र शहर. पोर्ट वाइनची जुनी गोदामं तिकडे. द्राक्षं तिथेही नाहीत. ती नदीच्या वरच्या अंगाला, डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरून केलेल्या मळ्यांत. त्या मुलखाची हद्द पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत १७५६ सालीच आखली गेली. पिंपं राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली यायची. आता टँकर येतात, होड्या फोटोपुरत्या उरल्यात. म्हणजे पिकवायचं वरच्या खोऱ्यानं, सांभाळायचं गायानं, आणि नाव पोर्तोचं. घराघरांत हेच चालतं म्हणा.

गोदामाच्या दारात मुलगी हसून म्हणाली, “सॅक इथे ठेवलीत तरी चालेल.” मला नाही चालत. लहानपणी प्रवासात बाबा मला फलाटावर होल्डॉलवर बसवून पाणी आणायला जायचे. “हलायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा आत्ता येतायत.” कुणीही, कधीही काही विचारलं नाही. मी मात्र ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोकत बसायची. पलीकडच्या फलाटावर शिट्टी झाली तरी पोटात गोळा यायचा. होल्डॉलच्या पट्ट्याचं बक्कल मांडीत रुतायचं, पण हलायचं नाही म्हणजे नाही. गाडीत बसल्यावर फ्रॉक वर करून पाहिलं, की बक्कलचा चौकोन मांडीवर उमटलेला असायचा, मधल्या काट्यासकट.

तर सॅक पाठीवर ठेवूनच आत गेले. आत अंधार, गारवा, ओळीनं पिंपं. वळताना एखाद्याला धक्का लागेल म्हणून मी आडवी आडवी चालत होते. मुलगी सांगत होती: रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचंच कडक स्पिरिट ओततात, सत्त्याहत्तर टक्क्यांचं. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड, आणि म्हणूनच वीस टक्क्यांच्या आसपास चढणारी. रुबी नावाची पोर्ट मोठ्या टाक्यांत राहते, लाल राहते. टॉनी नावाची लहान पिंपांत. लाकडातून हवा लागत जाते आणि रंग विटकरी, मग तपकिरी होतो. बाटल्यांवर दहा, वीस, तीस, चाळीस वर्षं लिहिलेली. चाळीस वर्षं एका जागी, न हलता! मला त्या पिंपांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

चव घेताना ती म्हणाली, अक्रोड, सुकं अंजीर, कॅरॅमल. मला जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा वास आला, आणि तोच आवडला. दुसरा ग्लासही घेतला. बाटली घेतली नाही. केबिन बॅगेत शंभर मिलीच्या वर द्रव नेऊ देत नव्हते, आणि मुळात ती वर चढवणार कोण?

तो प्रश्न लगेचच पुढ्यात आला. पुलाच्या खालच्या मजल्यावरून परतले, तर एका हाताला गिंदाइशचा जिना, दुसऱ्या हाताला गिंदाइशची फनिक्युलर. ही १८९१ मध्ये सुरू झाली, दोन वर्षांत अपघात होऊन बंद पडली, ती थेट २००४ मध्ये नव्यानं धावली. मधली शंभराहून अधिक वर्षं माणसं पायऱ्याच चढत होती, हे मला माहीत होतं. पण पोटात टॉनी असली की तत्त्वं जरा सैल होतात. तिकीट काढलं. डब्यात समोर एक आजी होत्या, भाजीची पिशवी त्यांनी खुशाल खाली ठेवलेली. माझ्या मांडीवरची सॅक बघून त्यांनी खूण केली, ठेव की खाली. मी मान हलवली. मग त्यांनीही हलवली.

वर बटाल्या नावाच्या भागात उतरले, तर हॉस्टेलला जायला आणखी एक चढ होताच.