अंबडच्या रात्रीच्या फेऱ्या

जानेवारीत तीनदा रात्री दोनच्या सुमारास अंबडच्या कारखान्यातून फोन आला. "भाऊ, सर्व्हर परत अडकला." मग पंचवटीतून स्कूटर काढायची, द्वारकेवरून अंबड एमआयडीसी गाठायची, नाशिकच्या थंडीत बोटं बधिर. तिथे जाऊन काम काय, तर पॉवरचं बटण दाबून धरायचं! स्क्रीन गोठलेली, लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहिलेली नोंदवही, मधूनच तुटलेला.

तिसऱ्यांदा वॉचमन आप्पा म्हणाले, "एवढंच असेल तर मीच दाबतो की." किल्ली द्यायला मालक तयार नव्हते. म्हटलं, सर्व्हरच दाबेल.

मदरबोर्डवर सर्व्हरवर नजर ठेवणारी बीएमसी नावाची वेगळी चिप असते. तिच्यात उलटं मोजणारं घड्याळ असतं, त्याला वॉचडॉग म्हणतात. सर्व्हरवरचं लिनक्स ते पुन्हा पुन्हा मागे सरकवत राहतं. सरकवायचं थांबलं की चिप सर्व्हर रिसेट करते. आधी सॉफ्टडॉग, म्हणजे सॉफ्टवेअरमधलाच वॉचडॉग, वापरणार होतो, पण तो कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्याच पोटात. कर्नेल झोपलं की राखणदारही झोपला. म्हणून बीएमसीच्या घड्याळाशी बोलणारं आयपीएमआय वॉचडॉगचं मॉड्यूल बूटच्या वेळी लोड केलं आणि सिस्टीमडीत, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मुदत 60 सेकंद ठेवली. सिस्टीमडी निम्म्या वेळाने, म्हणजे 30 सेकंदांनी, घड्याळ मागे नेतं.

रविवारी कारखाना बंद असताना कर्नेल मुद्दाम पाडलं. साठ मोजले. काही नाही. शंभर, दीडशे... चहा संपला. वैतागून बटणाकडे हात नेला आणि पंखे घोंघावले. पुन्हा पाडून वेळ लावली: 255 सेकंद! कर्नेल पॅनिक झालं, म्हणजे न सावरणारी चूक होऊन थांबलं, की हे मॉड्यूल मुदत आपणहून 255 करतं, मेमरीचा डंप, म्हणजे त्या क्षणीची नक्कल, लिहायला सवड मिळावी म्हणून. माझं काही चुकलेलंच नव्हतं. हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. मग कर्नेलचं पॅनिक सेटिंग 0 वरून 10 केलं. 0 म्हणजे पडून राहा, 10 म्हणजे दहा सेकंदांत रीबूट. पॅनिक न होता नुसतं गोठलं, तर साठ सेकंदांचं घड्याळ आहेच.

सर्व्हर गुपचूप उठत राहिला तर दुखणं कळणार कसं? म्हणून प्रत्येक बूटला मेल यायची सोय केली. नवव्या दिवशी पहाटे मेल आला. बीएमसीच्या लॉगमध्ये वॉचडॉगची नोंद होती आणि तिच्याआधी रॅमच्या एकाच स्लॉटवर ईसीसीने, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या सोयीने, दुरुस्त केलेल्या चुकांची रांग. त्या स्लॉटमधली रॅमची पट्टी बदलली.

त्या सकाळी आप्पा गेटवरच भेटले. "रात्री आत पंखे एकदम ओरडले, भाऊ. फोन करावा का, करावा का म्हणेपर्यंत गप झाले."