तिच्या फाइलमध्ये माझा कागद नव्हता

यंदाच्या श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, आम्ही सारे भाऊबंद गावी जमलो होतो. सोमवारी विसर्जन झाले, घरातली गर्दी पांगली आणि पुतण्याच्या पत्नीने एक प्लास्टिकची फाइल माझ्या पत्नीच्या हाती ठेवली. त्यांच्या लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. फाइलमध्ये पाच सोनोग्राफींचे अहवाल होते, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनच्या रक्ततपासण्या होत्या, गर्भनलिका उघड्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी औषध सोडून काढलेला एक्स-रे होता आणि सर्वांत वर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी होती. हे सारे अहवाल चांगले होते. पुतण्याच्या नावाचा मात्र एकही कागद त्या फाइलमध्ये नव्हता. पत्नीने फाइल चाळली आणि काही न बोलता माझ्याकडे दिली, कारण एके काळी तिची स्वतःची फाइल नेमकी अशीच होती.

मी चोपडा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मानवी प्रजननाचे प्रकरण मी दरवर्षी शिकवत आलो आहे; शुक्राणू आणि स्त्रीबीज यांचा वाटा निम्मा-निम्मा असतो हे मी शेकडो मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावले आहे. तरीही लग्नानंतरची पहिली चार वर्षे माझी पत्नी एकटी तपासण्या करून घेत राहिली, गोळ्या घेत राहिली, तिची एक शस्त्रक्रियाही झाली, आणि त्या काळात माझी वीर्यतपासणी झाली नाही. पहिल्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही हे खरे आहे, परंतु मीही विचारले नाही. ती तपासणी काही शे रुपयांत होते, तिला भूल लागत नाही, टाका पडत नाही आणि अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तिची शस्त्रक्रिया मात्र हजारो रुपयांची होती आणि त्यानंतर आठवडाभर तिला पोट धरून चालावे लागत होते.

एक वर्ष नियमित संबंध असूनही आणि कोणतेही गर्भनिरोधक वापरलेले नसतानाही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. पत्नीचे वय पस्तिसाच्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच डॉक्टरांकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील साधारण सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे तरी असते किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीला तरी असते. असे असताना आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठीच का राखून ठेवलेला आहे, याचा विचार मी स्वतःवर वेळ येईपर्यंत केला नव्हता.

माझ्या अहवालात एका मिलिलिटरमध्ये तीस लाख शुक्राणू होते. हा आकडा मोठा वाटतो, परंतु सध्याच्या निकषांनुसार तो किमान १ कोटी ६० लाख असावा लागतो, एकूण शुक्राणूंपैकी निदान ४२ टक्के हालचाल करणारे असावे लागतात आणि निदान ४ टक्के आकाराने निर्दोष असावे लागतात. हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेषा नव्हे. त्याखालच्या पुरुषांनाही मुले होतात आणि त्यावरच्यांनाही अडचण येऊ शकते. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळायचा असतो, नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यायचा असतो, आणि एका अहवालावरून निष्कर्ष काढायचा नसतो, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो आणि दोन महिन्यांपूर्वीच्या तापाचाही परिणाम आजच्या नमुन्यात दिसतो.

माझ्या बाबतीत कारण सापडले ते व्हेरिकोसीलचे, म्हणजे अंडकोषातील शिरा फुगण्याचे. अंडकोष शरीराबाहेर असतात ते उगाच नव्हे; शुक्राणू नीट तयार होण्यासाठी त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. शिरांमध्ये रक्त तुंबले की हा थंडावा नाहीसा होतो. आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून खानदेशातल्या पुरुषांना मुले होत नाहीत असे अर्थातच नाही. परंतु भट्टीसमोर, बॉयलरजवळ किंवा तापलेल्या केबिनमध्ये रोज तासन्‌तास बसणाऱ्या माणसाने आपला व्यवसाय डॉक्टरांना सांगितला पाहिजे. लहानपणी नव्हे तर वयात आल्यावर झालेले गालफुगी, हर्नियाची जुनी शस्त्रक्रिया, मधुमेह, तंबाखू, विडी आणि दारू हेही न लपवता सांगितले पाहिजे. अलीकडे एक नवे कारण दिसते, ते तालुक्याच्या गावांतही पोहोचलेल्या जिमचे. पिळदार शरीरासाठी जे टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतले जाते, त्यामुळे मेंदूकडून अंडकोषांना मिळणारा संदेशच थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. इंजेक्शन थांबवल्यावर ती बहुतेकांमध्ये परत येते, परंतु त्याला कित्येक महिने लागतात.

रावेर, यावल आणि चोपडा हा केळीचा पट्टा आहे, म्हणून केळीशीच निगडित एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. केळीच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींवर डीबीसीपी नावाचे एक रसायन पूर्वी वापरले जात असे. १९७७ मध्ये ते बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले, आणि पुढे कोस्टा रिकासारख्या देशांतील केळीच्या मळ्यांवर काम केलेल्या हजारो मजुरांनी तीच तक्रार घेऊन न्यायालयाची पायरी चढली. आज आपल्याकडे फवारणीसाठी वेगळी औषधे असतात आणि प्रत्येक औषध असेच वागते असे मी म्हणत नाही. परंतु उघड्या अंगाने, तोंडाला फडकेही न बांधता पंप पाठीवर घेणारी आमची तरुण मुले पाहिली की मला ते मजूर आठवतात. हातमोजे, मुखपट्टी आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ, एवढे तरी पाळलेच पाहिजे.

स्त्रीकडील कारणांमध्ये सर्वांत जास्त आढळते ते बीज वेळेवर न फुटणे, म्हणजे स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर न पडणे. पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडात पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने पुढे जाते. वजन पाच ते दहा टक्के कमी केल्याने अनेकींची पाळी सुधारते आणि लेट्रोझोलसारख्या गोळीने बीज फुटण्यास मदत होते. थायरॉइडचा किंवा प्रोलॅक्टिनचा दोष गोळ्यांनी आटोक्यात येतो. गर्भाशयातील गाठ गर्भ रुजण्याच्या जागेत असेल तरच ती मूल राहण्याच्या आड येते. पाळीत असह्य दुखणे हे एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचे, लक्षण असू शकते. ‘बाईच्या जातीला हे सहन करावेच लागते’ असे म्हणून ते वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते, आणि ते थांबले पाहिजे.

गर्भनलिका बंद होण्यामागे आपल्या देशात एक कारण ठळक आहे, ते म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. क्षय म्हटले की आपल्याला खोकला आणि छातीचा एक्स-रे आठवतो, परंतु हा जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो आणि तेथे खोकला नसतो, बहुधा तापही नसतो. काहींची पाळी कमी होत जाते आणि काहींना मूल होत नाही एवढेच लक्षण दिसते. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून किंवा दुर्बिणीतून पाहून निदान करावे लागते आणि किमान सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण करावा लागतो. जंतू मरतो, परंतु चिकटलेली नलिका पुष्कळदा उघडत नाही, आणि मग टेस्ट ट्यूब बेबीचाच मार्ग उरतो. घरात कोणाला क्षय झाला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर लाजेपोटी नाही म्हणू नये.

या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वय. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही झपाट्याने उतरतात. एएमएच नावाच्या रक्ततपासणीने साठ्याचा अंदाज येतो, परंतु बीजांची गुणवत्ता त्यातून कळत नाही. आमची चार वर्षे वाया गेली, ती माझ्या वयातून गेली नाहीत. तिच्या चोविसाव्या वर्षी लग्न झाले आणि माझा अहवाल हाती आला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. हीच चार वर्षे बत्तिसाव्या वर्षापासून मोजली असती तर कदाचित आमच्यासाठी दार बंद झाले असते.

उपचार पायरीपायरीने वाढत जातात आणि प्रत्येकाला शेवटच्या पायरीपर्यंत जावे लागत नाही. पुष्कळांना बीज फुटण्याचे दिवस समजून घेणे आणि गोळ्या एवढ्यानेच यश येते. पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी बीज फुटते, ते दिवसभरच टिकते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून त्या आधीचे दिवस महत्त्वाचे असतात. पुढची पायरी आययूआयची, ज्यात वीर्य धुऊन चांगले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात. तिला निदान एक नलिका उघडी आणि शुक्राणू पुरेसे लागतात, आणि एका प्रयत्नात यशाची शक्यता साधारण दहा-पंधरा टक्क्यांचीच असते. माझी शिरांची शस्त्रक्रिया झाली, सहा महिन्यांनी संख्या ऐंशी लाखांवर गेली, परंतु आमचे दोन्ही आययूआय अयशस्वी झाले.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीत, इंजेक्शनांनी अनेक बीजे वाढवून ती बाहेर काढतात, प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवतात. शुक्राणू फारच कमी असतील तर एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईने सोडतात, त्याला इक्सी म्हणतात; ही पद्धत बेल्जियममधील संशोधकांनी १९९२ मध्ये यशस्वी केली आणि माझ्यासारख्या पुरुषांसाठी तीच सर्वांत मोठी सोय ठरली. वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी अनेकदा अंडकोषातून सुईने शुक्राणू मिळवता येतात. आमच्या पहिल्या इक्सीचा गर्भ रुजला नाही. दुसऱ्या वेळी गोठवून ठेवलेला गर्भ सोडला आणि आमची मुलगी झाली. ती आता चौथीत आहे. गोठवलेल्या गर्भापासून बाळ होऊ शकते हे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, दाखवून दिले होते. हयातीत त्यांना त्याची मान्यता मिळाली नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेले बाळच देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून देशाला ठाऊक झाले. मुलीच्या वाढदिवशी मला मुखोपाध्यायांची आठवण येते.

खर्चाचे आधीच विचारून घ्यावे, कारण आयव्हीएफचा एकच प्रयत्न लाखाच्या पुढे जातो आणि यशाची हमी कोणीही देऊ शकत नाही. हमीची जाहिरात करणाऱ्या ठिकाणी मी कोणालाही पाठवणार नाही. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. बीजदान करणारी स्त्री आयुष्यात एकदाच दान करू शकते, पैसे घेऊन गर्भाशय भाड्याने देण्यास बंदी आहे, आणि मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडणे हा गुन्हा आहे. भगताकडे किंवा मूल होण्याची मुळी देणाऱ्याकडे गेलेला वेळ परत मिळत नाही. मनुदेवीला नवस बोलण्यास माझी हरकत नाही, मीही बोललो होतो. फक्त तपासणीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नये.

आता जे लिहितो आहे ते पत्नीच्या संमतीने लिहितो आहे. माझा अहवाल आल्यावर मी तो कपाटात ठेवला आणि घरी कोणाला सांगितला नाही. बायका तिला ‘काय वं माय, काही खबर शे का?’ असे विचारत राहिल्या. नात्यातल्या एका डोहाळजेवणात ओटी भरण्यासाठी पुढे झालेला तिचा हात मागे केला गेला. तेव्हा मी दारातच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते, आणि मी बोललो नाही. नातीला मांडीवर घेऊनही ‘सुनेचा दोष देवीने दूर केला’ असेच माझी आई म्हणत असे, आणि ती गेली तीही तेच मानून गेली. पत्नीने तिला कधी दुरुस्त केले नाही.

म्हणून त्या सोमवारी मी पुतण्याला गच्चीवर नेले. ‘काका, माझ्यात काय खोट असणार?’ असे तो म्हणाला. तेव्हा मी त्याला माझा तीस लाखांचा आकडा सांगितला, घरातल्या कोणाला मी तो पहिल्यांदाच सांगत होतो. तो बराच वेळ बोलला नाही, मग त्याने किती दिवस संयम पाळायचा एवढेच विचारले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे पहाटेच्या एसटीने जळगावला गेलो. त्याच्या अहवालात संख्या १ कोटी १० लाख आली आणि हालचाल कमी निघाली. डॉक्टरांनी त्याची तंबाखू बंद केली आहे, तीन महिन्यांनी दुसरा नमुना मागितला आहे आणि तोवर सुनेची शस्त्रक्रिया थांबवली आहे. दुसरी तपासणी दिवाळीनंतर आहे. त्या दिवशी दोघांनाही एकत्र बोलावले आहे, आणि त्याच्या आईला हा अहवाल आपण स्वतः सांगू असे तो काल फोनवर म्हणाला.