हलक्या जमिनींतील शेंगवर्गीय पिके : दोन दिवसांची शिवारफेरी

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत राहणारे जिवाणू हवेतील नत्र (नायट्रोजन) पिकासाठी बांधतात; या गाठी प्रत्यक्ष पाहाव्यात, एवढ्याच हेतूने मी ही फेरी ठरवली होती. ही पिके अशा रीतीने नत्र स्वतःच मिळवतात, तेव्हा निकस जमिनीतही त्यांचे फारसे अडत नसावे, असा माझा समज होता. पेरणीनंतर सहा ते आठ आठवड्यांचा काळ गाठी पाहण्यास सोयीचा असतो, कारण दाणे भरू लागले की बहुतेक पिकांतील गाठींचे काम मंदावते.

पहिला दिवस तांबड्या, आम्लधर्मी, मुरमाड जमिनीतील तुरीसाठी होता. उत्साहाच्या भरात पहिले रोप मी सरळ उपटले; सोटमूळ अर्ध्यावर तुटले आणि गाठी मातीतच राहिल्या. तुरीच्या गाठी मुळापासून फार सहज सुटतात, म्हणून रोपापासून वीतभर अंतर सोडून चहूबाजूंनी खणावे, मातीच्या गोळ्यासह मुळे बादलीत भिजत ठेवावीत आणि माती आपोआप सुटू द्यावी. यास वेळ लागतो. मग गाठ ब्लेडने चिरावी. आतून गुलाबी किंवा तांबूस दिसली, तर ती काम करते आहे. हिरवट किंवा करडी असेल, तर तिचे काम संपले आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असून, नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होऊ नये आणि तरीही जिवाणूंना श्वसनापुरता प्राणवायू मिळावा, ही कसरत हे द्रव्य सांभाळते.

याच शेतातील स्फुरद (फॉस्फरस) न दिलेल्या पट्ट्यात गाठी मोजक्या आणि मोहरीएवढ्या बारीक होत्या, व पाने फिकट होती. पानांकडे पाहून कोणीही नत्राची कमतरता असेच निदान केले असते आणि ते अर्धेच खरे ठरले असते. नत्राचा एक रेणू बांधण्यासाठी एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे) किमान 16 रेणू खर्ची पडतात आणि एटीपी स्फुरदावाचून बनत नाही. म्हणजे नत्राची उपासमार दिसत असली, तरी तिचे मूळ स्फुरदात असू शकते. मला या फेरीत सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

तांबड्या जमिनीत स्फुरद नसतो असे नाही. तो लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडलेला असतो. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल स्रवतात, ते लोहाला धरून ठेवते आणि स्फुरद मोकळा होतो. हरभऱ्याची मुळेही सेंद्रिय आम्ले सोडतात व चुन्याशी बांधलेला स्फुरद विरघळवतात. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे धागे तर मुळांच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद आणून देतात. मात्र ते साध्या भिंगातून दिसतील, ही अपेक्षा बाळगू नये. आम्ल जमिनीत आणखी एक अडचण असते: नत्र बांधणाऱ्या विकराला लागणारे मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य तेथे पिकाला नीट मिळत नाही. चुन्याने आम्लता घटली की तेही मिळू लागते. त्यामुळे चुना दिल्यावर पीक सुधारले, तर त्याचे श्रेय केवळ कॅल्शियमला देऊ नये.

दुसऱ्या दिवशी चुनखडीयुक्त जमिनीतील भुईमूग पाहिला. शेत पिवळे दिसत होते, परंतु पिवळेपणा शेंड्याकडील कोवळ्या पानांत होता आणि शिरा हिरव्या होत्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. नत्र कमी पडला, तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. अशा जमिनीत लोह भरपूर असूनही सामू (पीएच) जास्त असल्याने ते विरघळत नाही आणि पाणी साचले की हा पिवळेपणा वाढतो. म्हणून शेताच्या कडेवरून निष्कर्ष काढू नये. वाकून, कोणती पाने पिवळी आहेत, हे पाहावे. शेजारच्या भरपूर युरिया दिलेल्या तुकड्यात पीक गडद हिरवे होते, पण मुळे जवळजवळ नितळ होती: मातीत नायट्रेट (मुळांना थेट घेता येणारे नत्राचे रूप) मुबलक असले, की झाड गाठी पोसण्याचा खर्च टाळते.

जाणाऱ्यांनी खुरपे, कुदळ, बादली, ब्लेड आणि भिंग जवळ ठेवावे. खणण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी आणि प्रत्येक पट्ट्यातील एकाच रोपावर विसंबू नये. जिवाणू संवर्धक (गाठी करणाऱ्या जिवाणूंचे बियाण्याला लावायचे मिश्रण) लावलेला आणि न लावलेला असे दोन्ही तुकडे पाहायचे असतील, तर न लावलेला आधी पाहावा व मधे बूट आणि अवजारे धुवावीत, कारण चिखलाबरोबर जिवाणूही दुसऱ्या तुकड्यात पोहोचतात.